दुसरी नजर न पडलेली काच

मी एक काचपट्टी बोलतेय. लांबीला तुमच्या मधल्या बोटाएवढी, जाडीला नखाहून थोडी जास्त. प्रयोगशाळेत मला स्लाइड म्हणतात. माझ्या अंगावर एका बाईच्या पेशी चिकटलेल्या आहेत, निळ्या आणि गुलाबी. ती बाई आता या जगात नाही. पेशी आहेत, आणि त्यांना बघायला अजून माणसं येतात. त्या माझ्यावर कशा आल्या आणि त्या बाईचं पुढे काय झालं, तेवढंच मला सांगायचं आहे. ऐकून बरं वाटणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझ्या जन्मात सांगण्यासारखं फारसं काही नाही. कारखान्यात काचेचा मोठा पत्रा कापला, कडा घासून बोथट केल्या, एका टोकाला पेन्सिलीने लिहिता यावं म्हणून खरखरीत दुधी पट्टा दिला आणि बहिणींबरोबर मला खोक्यात भरलं. कोण कुठे जाणार हे आमच्या हातात नसतं. काहींवर रक्ताचा थेंब पडला, काहींवर शाळेतल्या पोरांनी कांद्याचा पापुद्रा ठेवला. आमचं खोकं बायकांच्या दवाखान्यात आलं.

त्या दवाखान्यात गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी होई. तिथे कर्करोग होण्याच्या कितीतरी आधी पेशी बिघडायला लागतात. त्या वेळी सापडल्या तर छोट्याशा उपचारावर भागतं, बाई संध्याकाळी आपल्या पायांनी घरी जाते. म्हणून काही दुखत-खुपत नसतानाच तपासायचं. सिस्टर हे प्रत्येकीला समजावून सांगायची आणि प्रत्येक बाई मान हलवून छताकडे बघत राहायची.

माझ्या वाट्याला आलेली बाई छताकडे बघणाऱ्यांतली नव्हती. तिचं दोन खुर्च्यांचं पार्लर होतं आणि तिथे कात्रीपेक्षा तिची जीभ जास्त चालत असणार. तिला तिच्या नणंदेने मागे लागून लागून आणलं होतं. टेबलावर आडवी झाल्या झाल्या ती सिस्टरला म्हणाली, "तुमचे केस कोणी कापले हो? कात्रीने कापले की दातांनी?" सिस्टरला इतकं हसू आलं की हातातला ब्रश खाली ठेवावा लागला. पडद्याबाहेरून नणंद म्हणाली, "वहिनी, इथे तरी गप्प बसा ना."

मग सिस्टरने ब्रश घेतला, हलक्या हाताने फिरवला, माझ्या अंगावर एका दिशेने पसरला आणि क्षणभरही वाया न घालवता मला स्पिरिटमध्ये बुडवलं. तिने आपलं काम चोख केलं. पेशी भरपूर आल्या होत्या, नीट पसरल्या होत्या. पुढे जे झालं त्याचा दोष कोणी तिच्यावर टाकू नये म्हणून हे सांगते.

दुसऱ्या दिवशी आम्ही प्रयोगशाळेत पोचलो. लांबट खोली, उत्तरेला खिडक्या, भिंतीलगत लाकडी कपाटं आणि त्यांत आमच्यासाठी केलेले अरुंद खण. तिथे सगळं पद्धतशीर होतं, निदान दिसायला. सकाळी पहिल्यांदा एकच काच रंगवून बघत, रंग नीट चढतोय ना म्हणून. मग बाकीच्यांना रंगाच्या पेट्यांतून फिरवत. माझ्या पेशींचे गाभे गडद निळे झाले, भोवतालचा भाग गुलाबी आणि कुठे कुठे नारिंगी. वरून पातळ काचेचं झाकण चिकटवलं. त्या दिवशी मी फार देखणी दिसत असेन.

आता त्या खोलीतल्या माणसांबद्दल. आम्हाला वाचणारी एकच उरली होती. तिला सगळे धाकट्या बाई म्हणत, कारण पूर्वी एक थोरल्या बाईही होत्या. थोरल्या बाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, त्या रजेवर गेल्या आणि त्यांच्या वाटणीच्या काचा धाकट्या बाईंच्या टेबलावर आल्या. एका माणसाने दिवसभरात किती काचा वाचाव्यात याला मर्यादा असते. डोळे म्हणजे काही यंत्र नव्हे. ती मर्यादा तिथे भिंतीवर छापून लावलेली होती आणि तिच्याकडे बघायला कोणाला सवड नव्हती.

आणखी एक माणूस होता, पण मी त्याला कधी पाहिलं नाही. खणांतल्या जुन्या काचा त्याच्याबद्दल बोलत. त्याला दुर्बीणकाका म्हणत. धाकट्या किंवा थोरल्या बाईंनी जी काच चांगली म्हणून बाजूला ठेवली, ती रिपोर्ट बाहेर जाण्यापूर्वी काका एकदा स्वतः बघत. फार वेळ नाही, पण बघत. त्यांना कोण काय म्हणालं हे ऐकायचं नसे. अधूनमधून एखादी काच ते गुपचूप धाकट्या बाईंच्या टेबलावर परत ठेवत आणि चहाला निघून जात. त्या ओशाळून परत बघत आणि रिपोर्ट बदलत. त्यावरून कोणी कोणाला टोचून बोललं नाही. त्या खोलीतली ती रीतच होती.

मी आले तेव्हा काका निवृत्त होऊन काही महिने झाले होते. त्यांच्या खुर्चीवर हातमोज्यांची खोकी रचली होती. त्यांच्या जागी माणूस घेतोय, घेतोय, असं प्रयोगशाळेचे प्रमुख, मोठे डॉक्टर, सांगत होते. तोवर दुसऱ्यांदा बघणं बंद. बंद झालं असं कोणी म्हणालं नाही, फक्त ते होईनासं झालं.

बाहेरून परीक्षेच्या काचा मात्र नियमाने येत. प्रयोगशाळेची पारख करण्यासाठी कुठल्याशा मोठ्या संस्थेकडून पेटी यायची. त्या दिवशी खोलीत टाचणी पडली तरी आवाज येईल अशी शांतता. फोन उचलायचा नाही, कोणी आत यायचं नाही, धाकट्या बाई एकेका काचेवर जीव ओतून बसत. निकाल उत्तम येई. उत्तम निकालाचं प्रमाणपत्र दारासमोरच टांगलेलं होतं. आम्ही रोजच्या काचा मनात म्हणायचो, एकदा आम्हालाही त्या पेटीत घाला.

माझी पाळी दुपारी आली. धाकट्या बाईंचे डोळे लाल होते. त्यांनी मला भिंगाखाली ठेवलं आणि वरून खाली, खालून वर असं सरकवायला सुरुवात केली, शेत नांगरतात तसं. निरोगी पेशी, निरोगी पेशी, पुन्हा निरोगी पेशी. बिघडलेल्या पेशी डाव्या कडेला होत्या, लहानसा पुंजका, गाभे मोठे आणि काळसर, कडा वेड्यावाकड्या. भिंग त्यांच्याकडे येत होतं. तेवढ्यात फोन वाजला. कुठल्या तरी दवाखान्याला रिपोर्ट उशिरा मिळाले होते आणि पलीकडचा माणूस आवाज चढवून बोलत होता. धाकट्या बाई उठून गेल्या, ऐकून घेतलं, माफी मागितली, परत आल्या. डोळ्यांवरून हात फिरवला. बसताना त्यांच्या मनगटाचा धक्का लागून मी जराशी सरकले. त्यांनी पुढच्या ओळीपासून सुरुवात केली आणि तो पुंजका मागेच राहिला.

मला तोंड असतं तर ओरडले असते. मला तोंड नाही. माझ्याजवळ जे होतं ते उघडं मांडून मी पडून राहिले.

रिपोर्ट गेला. पेशी निरोगी आहेत, तीन वर्षांनी पुन्हा या. मला खणात उभं केलं, दोन बाजूंना दोन बहिणी, आणि खण बंद झाला.

खणातल्या दिवसांबद्दल काय सांगू? अंधार आणि गोंदाचा वास. कधी शेजारची काच कोणी काढे, मग ती परत येई किंवा येत नसे. मी मात्र वाट बघायचे. तीन वर्षांनी ती बाई येईल, नवी काच होईल, त्या वेळी तरी कोणाला दिसेल, एवढीच आशा. त्या अंधारात मला दुसरं काही सुचायचं नाही.

दोनेक वर्षांनी खण उघडला तो त्या बाईच्या लेकीमुळे. तिच्या आईवर मोठ्या रुग्णालयात उपचार सुरू होते आणि तिथल्या डॉक्टरांना जुनी काच बघायची होती. मोठ्या डॉक्टरांनी आधी वेळ मारून नेली, जुन्या काचा शोधायला वेळ लागतो म्हणाले. लेक बाकावर बसून राहिली. ती हलायची चिन्हं दिसेनात तेव्हा मला काढलं.

तिच्या हातात देण्यापूर्वी डॉक्टरांनी मला स्वतः भिंगाखाली ठेवलं. फार शोधावं लागलं नाही. त्यांनी धाकट्या बाईंना बोलावलं आणि खुर्चीवरून उठले. त्या बसल्या. या वेळी त्यांनी कडेपासून सुरुवात केली. भिंग त्या पुंजक्यावर आलं आणि थांबलं. त्यांच्या श्वासाने भिंगावर वाफ धरली, तरी त्या डोळा काढेनात.

"मागे वळून बघितलं की सगळ्यांनाच दिसतं," डॉक्टर म्हणाले. "काच द्या, सही घ्या. बाकी काही बोलायची गरज नाही."

धाकट्या बाईंनी मला पुठ्ठ्याच्या पाकिटात घातलं आणि व्हरांड्यात येऊन लेकीला दिलं. लेकीने सही केली. मग पाकीट हातात धरून विचारलं, "तेव्हा यात काही होतं का?"

धाकट्या बाईंनी मागच्या बंद दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "होतं."

"कोणी बघितलं नाही?"

"मी बघितलं. मला दिसलं नाही."

"माझ्यानंतर बघणारा माणूसच ठेवला नव्हता," एवढं तरी धाकट्या बाईंना म्हणता आलं असतं. त्यांनी ते गिळलं. त्या वेळी ते सबबीसारखं ऐकू आलं असतं, हे त्यांना समजत होतं.  लेकीने मला पर्समध्ये ठेवलं, आणि तिच्या पर्सचा पट्टा घट्ट आवळल्याचं मला आतून जाणवलं.

अशी मी त्या बाईच्या घरी गेले. आम्हा काचांपैकी फार थोड्यांच्या नशिबी ते येतं. ती बैठकीच्या खोलीत खिडकीजवळच्या पलंगावर होती. मी ओळखलं नसतं. टेबलावरून सिस्टरची थट्टा करणारी बाई आणि ही बाई यांच्यात फक्त केस सारखे राहिले होते. औषधाने केस जातील अशी तिने मनाची तयारी केली होती, गिऱ्हाइकांना सांगून ठेवलं होतं, पण तिला दिलेल्या औषधाने केस गेलेच नाहीत. "बघ," ती लेकीला म्हणायची, "एवढं एक सोडून सगळं गेलं. आणि केस तर मी कोणाचेही नीट करून दिले असते."

तिथे मला मधल्या दिवसांचा उलगडा झाला. मधूनच रक्त जायला लागलं तेव्हा तिने वयावर ढकललं. पाळी जायचे दिवस आहेत, असं होतंच, असं तिला पार्लरमधल्या सगळ्या बायकांनी सांगितलं. नणंदेने डॉक्टरकडे चला म्हटलं तेव्हा तिने तपासणीचा रिपोर्ट तोंडावर फेकला, स्वच्छ आहे म्हणून. माझ्यावरून गेलेला तो रिपोर्ट. त्याच्या भरवशावर तिने जवळजवळ वर्ष काढलं. शेवटी उठता येईना तेव्हा गेली, तर रुग्णालयात ऐकावं लागलं, इतके दिवस काय करत होता? तेव्हापासून नणंदही येता-जाता तेच म्हणे. आणि बाईने ते खरं मानलं होतं. आपण दुर्लक्ष केलं, आपल्या हाताने लेकीला पोरकं करतोय, हे तिने मनात पक्कं करून टाकलं होतं.

 सांगावं की न सांगावं या विचाराने लेकीने संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघरात भांडी घासून घासून झिजवली. सांगितलं तर आईच्या माथ्यावरचा दोष उतरेल. पण तेव्हा सापडलं असतं तर आई एका दुपारीत मोकळी झाली असती, हेही त्यातच येणार. एक दिल्याशिवाय दुसरं देता येत नव्हतं.

मग ती येऊन पलंगाच्या कडेला बसली आणि तिने सांगितलं. सगळं, न रडता.

बाईने मला पाकिटातून बाहेर काढलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. काच कशी कडांना धरायची ते तिला न सांगता कळलं.

"म्हणजे मी वेळेवर गेले होते," ती म्हणाली.

"हो, आई."

"मी वेळेवर गेले होते." दुसऱ्यांदा म्हणताना तिचा चेहरा सैल झाला, अगदी थोडा वेळ. मग दुसरी बाजू तिच्या लक्षात आली. मी तिच्या चेहऱ्यासमोरच होते, मला ते बघावं लागलं. "किती होतं गं तेव्हा?"

"टाचणीच्या टोकाएवढंसुद्धा नाही."

तिने मला पाकिटात घातलं, झडप दुमडली, पाकीट लेकीच्या मांडीवर ठेवलं आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर त्या घरात मी तिची थट्टा ऐकली नाही.

मोठ्या रुग्णालयात एका डॉक्टरणीने मला वाचलं, पुंजका सापडला आणि माझ्या झाकणावर शाईने त्याच्याभोवती ठिपके काढले, पुन्हा शोधावा लागू नये म्हणून. उपचारांसाठी त्या ठिपक्यांचा काही उपयोग नव्हता. आजार केव्हाच पुढे गेला होता. काही महिन्यांनी बाई गेली. मी तेव्हा कुठल्याशा कपाटात होते. मला ते फार नंतर कळलं.

लेकीने तक्रार केली. चौकशी बसली आणि मी प्रयोगशाळेत परतले. तिघा जाणत्यांनी मला पाहिलं. ठिपक्यांमुळे प्रत्येकाला क्षणात दिसलं आणि प्रत्येकाने धाकट्या बाईंकडे नजर टाकली. त्यांतला एक जण म्हणाला की ठिपके पुसू, हिला रोजच्या गठ्ठ्यात मिसळू आणि ज्याला काही माहीत नाही अशा माणसाला वाचायला देऊ, तेव्हाच कळेल चूक डोळ्यांची होती की ओझ्याची. बाकीच्यांनी घड्याळाकडे पाहिलं. ठिपके राहिले. धाकट्या बाईंना ताकीद मिळाली.

दुसऱ्यांदा बघायला माणूस आला, हेही खरं. काकांच्या खुर्चीवरची खोकी उचलली गेली. मला वाटलं, चला, निदान पुढच्या बायकांसाठी. पण खाली नमुने घेण्याच्या खिडकीवर रांग वाढली आणि तो माणूस थोडे दिवस म्हणून तिकडे गेला. खोकी परत खुर्चीवर आली.

आणि धाकट्या बाई? त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला. त्यांना प्रत्येक काचेत काहीतरी दिसू लागलं. साधी सूज असली तरी संशय, सुकलेली पेशी असली तरी संशय. निरोगी बायकांना बोलावणी जाऊ लागली, त्यांचे जीव टांगणीला लागले, दवाखान्यांच्या तक्रारी येऊ लागल्या. आधी कमी दिसलं म्हणून ताकीद, आता जास्त दिसतं म्हणून ताकीद. शेवटी त्यांना भिंगापासून उठवून खालच्या खिडकीवर बसवलं. आता त्या पाकिटांवर चिठ्ठ्या चिकटवतात. वर कोणी नवीन वाचतं, एकटंच.

मी शिकवण्याच्या पेटीत आहे. शिकाऊ मुलं-मुली येतात, मला भिंगाखाली ठेवतात आणि सरळ ठिपक्यांच्या आत बघतात. हे कोणाच्याही लक्षात येईल, असं त्यांच्यातला कोणीतरी दरवेळी म्हणतो. माझा नारिंगी रंग उडत चाललाय. झाकणाखाली एका कोपऱ्यातून हवा शिरलीय.

मागच्या महिन्यात लेक आली होती. तिला मी हवी होते. आईच्या आजारापूर्वीचं, आईच्या अंगाचं असं जगात एवढंच उरलं आहे, असं तिने खिडकीवर सांगितलं म्हणे. नियमात बसत नव्हतं. पण खिडकीवर धाकट्या बाई होत्या. दोघींनी एकमेकींना ओळखलं. धाकट्या बाई तिला वर घेऊन आल्या, मला पेटीतून काढलं, भिंगाखाली ठेवलं आणि ठिपक्यांपासून दूर, मधोमध सरकवलं.

लेक बराच वेळ बघत राहिली. "सुंदर आहेत," म्हणाली.

"या सगळ्या चांगल्या आहेत," धाकट्या बाई म्हणाल्या. "आईच्या बहुतेक सगळ्या पेशी चांगल्याच होत्या."

मग आई कशी गेली ते लेकीने सांगितलं. शेवटी शेवटी ती लेकीचे केस विंचरून द्यायची, हात उचलेनासा झाला तरी. धाकट्या बाई ऐकत होत्या. निघताना त्यांनी हळूच विचारलं, "तुम्ही स्वतःची तपासणी करून घेतली का?"

लेकीने नाही म्हणून मान हलवली. "काय करू करून? चांगलं आहे असं लिहून येईल. मग मी ते खरं मानू का?"

  लेक जिना उतरून गेली आणि तिच्या पावलांचा आवाज संपेपर्यंत धाकट्या बाई मला हातात धरून उभ्या होत्या.

तुमच्या घरातल्या कोणाची काच अशाच एखाद्या खोलीत गेली असेल. रिपोर्ट आणायला जाल तेव्हा तिथे एवढंच विचारा, पहिल्या नजरेनंतर ही काच आणखी कोणी बघितली का? लोक चिडतील, हात झटकतील, भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे बोट दाखवतील. तरी विचारा. विचारून काही बदलेल असं मला आता वाटत नाही. इतकी वर्षं मी या खोलीत आहे, ती खुर्ची मला इथून दिसते, आणि तिच्यावर आजही खोकीच आहेत.